रकाना अकरा

पालासिओसच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमचं परवान्यांचं ऑफिस. एक खिडकी, एक पंखा,
भिंतीवर कोळंबीच्या तीन जाती छापलेल्या:
तपकिरी, पांढरी, गुलाबी.
गुलाबी उन्हानं उडून पांढरी झालेली.

नवा परवाना मिळत नाही, हे मी दिवसातून चारदा सांगते.
राज्यानं दार लावून घेतलंय. आत आहेत तेवढेच आत.
त्यांच्यातला कुणी आपणहून उठणार असेल
तर राज्य पैसे मोजतं
आणि त्याची जागा कायमची पुसतं.
फॉर्म माझ्याकडे मिळतो.

क्वाच वान थिन्ह मंगळवारी आला.
रबरी बूट उंबऱ्याबाहेर काढून, पायमोज्यांवर.
बोट एकोणपन्नास फूट, नाव लावांगची माता,
इंजिन दोनदा बदललेलं, बायको एकदाच, तीही वारली म्हणून.
हे सगळं फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.

दहा रकाने आम्ही भराभर भरले.
अकरावा: परवाना किती डॉलरला सोडणार?
रक्कम अर्जदारानेच लिहायची.
ज्याची मागणी कमी, त्याचा नंबर आधी.

तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.
“लिलावात मासळीवर बोली दुसरे लावतात,” म्हणाला,
“इथं मासळीही मीच आणि बोली लावणाराही मीच?”
मी पेन पुढे सरकवलं.
सरकारी पेन, दोरीनं बांधलेलं.

मग न विचारता सांगू लागला.
टोपलीभर कोळंबीमागे चार टोपल्या परत फेकायचो.
बोटभर मासे, खेकड्यांची पोरं, सगळं मेलेलं.
खाडीतली कोळंबी तर अजून पाळण्यातली,
मोठी होऊन आखातात जायची, त्याआधीच आम्ही उचलायचो.
“कायदा खोटा नाही, मिस बांदेकर.
पण तीस वर्षं कुठं होता?”

मला हर्णैचे दामूकाका आठवले, तांडेल होते.
पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत होडी शाकारलेली,
कितीही चूल विझो.
परवाना कुणाकडे नव्हता तेव्हा,
दर्याची भीती होती, तीच सही, तोच शिक्का.
पुढं मोठी इंजिनं आली
आणि भीती गेली.
परवाना तर नव्हताच.

हे मी थिन्हला सांगितलं नाही.
माझ्या मागे रांगेत कोणी नव्हतं, त्याच्या मागे दोघं होते.

आकडा त्यानं हाताचा आडोसा करून लिहिला,
परीक्षेत पोरं लिहितात तसा,
जणू तो कॉम्प्युटरात मीच भरणार नव्हते.

मार्चमध्ये मंजुरी आली.
परवान्याचा कोपरा मी कात्रीनं कापला,
नियमच आहे, कोपरा कापायचा.
“आणि बोट?”
“बोट तुमचीच.”
“तिचं काय करू?”
याला रकाना नव्हता.

रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, तो बोट घेऊन निघालेला दिसला.
जाळं नाही, फळ्या नाहीत, दोन्ही बाजूंचे दांडे आभाळाकडे उभे.
पेलिकन उठले मागोमाग.
आमच्याकडे त्यांना पाणकोळी म्हणतात;
परवाना न लागणारे कोळी.
खाडीच्या तोंडापर्यंत घिरट्या घालत गेले बिचारे,
मग एकेक करून खांबांवर परत येऊन बसले.

दोनच्या सुमारास तोही आला.
दोर बांधला, पंप सुरू केला,
आणि कोरडा, स्वच्छ डेक
नळीनं धुवायला लागला,
आधी पुढचा भाग, मग कडेच्या फटी,
जिथं कोळंबीच्या मिश्या अडकून राहतात.