परतीची तार

तीन टाकीच्या मागे, झेरॉक्स आणि चष्मेवाल्याच्या मधे
धनेश मढवीचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर
आणि त्यामागे उभं राहण्यापुरता धनेश.
म्हटलं, हेडफोन हवाय. बॅलन्स्ड घेऊ की साधा?
तो म्हणाला, आधी पिना बघा.

काचेवर त्याने दोन पिना ठेवल्या.
एकीवर दोन काळ्या रेघा, दुसरीवर चार.
"दोन रेघा म्हणजे तुकडे तीन.
एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा,
तिसरा दोघांच्या परतीचा.
जाताना वेगळे जातात, येताना एकाच वाटेने."

मला आमचं सेक्टर सहातलं सिडकोचं घर दिसलं.
भिंत सामाईक, मोरीचा पाइप सामाईक.
पलीकडे भोपीकाकूंनी सोड्याचं पाणी ओतलं
की आमच्या जाळीतून बुडबुडे वर.
तुंबायचं दोघांचं,
प्लंबरच्या पैशांवरून बोलणं मात्र महिनाभर बंद.

धनेश हसला. "आमचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट घ्या,
उताऱ्यावर नावं नऊ. एक सही अडली की सगळे अडले.
या दुसऱ्या पिनेत तसं नाही.
प्रत्येक कानाला त्याची जायची, त्याची यायची.
तारा चार. कुणाचं कुणात नाही."

आणि तो गोंगाट गाळतात म्हणे, ते?

"ते स्टेजवर, माइकच्या लांब वायरीत.
एकच आवाज दोन तारांतून धाडायचा,
एकीत सुलट, एकीत उलट.
वाटेत कचरा पडतो तो दोघींवर सारखाच.
टोकाला उलटीला सुलट करायचं,
आवाज दुणावतो, कचरा कचऱ्याला खातो.
तुमच्या दीड मीटरमधे कचरा पडणार कितीसा?
इथे मिळते ती ताकद, तीही मागे तसा अ‍ॅम्प असेल तर.
आहे अ‍ॅम्प?"

फोन आहे. आणि एवढासा डाँगल.

"मग चार रेघा खुपसणार कुठे?"

तरी त्याने एक गोष्ट बजावली, बोट वर करून:
चाराचं तीन करता येतं, कनेक्टर लावून.
तीनाचं चार नाही.
एकदा एकत्र वळलेली तार
कापली तरी दोन वाटा होत नाहीत.
"म्हणून दोन्ही कपांत वेगळी वायर जाणारा घ्या,
वायर निघणारा. पुढेमागे पैसे आले तर बघू."

मग विचारलं, जे खरं तर आधी विचारायचं:
ऐकणार काय?

चौऱ्याण्णव सालची एक कॅसेट, आता फोनमधे उतरवलेली.
मामाने दोन माइक लावून घेतलेली.
डावीकडे आई, उजवीकडे बाबा,
सिडकोची सोडत लागली त्या दिवसाची हकिकत.
बाबा म्हणतात, फंडातून काढले.
आई म्हणते, पाटल्या मोडल्या.
एकच घर,
एकदा सुलट, एकदा उलट.

अठराशेवाला कानाला लावून पाहिला.
आई बोलत होती. बाबा गप्प होते.
आणि त्यांच्या बाजूला, अगदी पुसट,
शेजारच्या खोलीतून यावी तशी, आईच.

म्हटलं, गळतंय. हीच ना ती सामाईक तार?

धनेशने एक कप आपल्या कानाला लावला.
मागे झेरॉक्सचं यंत्र कागद ओढत होतं.
"नाही ताई. वायरीतलं इतकं ऐकू येत नाही.
हे टेपमधेच आहे.
एका खोलीत बसले होते ना दोघं?
बाबांच्या माइकने आईलाही घेतलंय.
चाराची पिन लावा, लाखाचा अ‍ॅम्प लावा,
हे निघायचं नाही."

पैसे दिले. त्याने दोनशे सुटे शोधेपर्यंत
मी उजवाच कप धरून उभी होते,
बाबा श्वास घेतात तिथवर.