चौथा डोस

न्यूमार्केट, पहाटेचे तीन.
घोडीच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप:
अंधारात कुणी जिना उतरतंय
आणि पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

शनिवारी शेवटच्या फर्लांगात ढिली पडली.
जॉकी म्हणाला, आळशी आहे.

ईसीजीच्या कागदावर नुसती थरथर.
क्विनिडीन, दर दोन तासांनी, नाकातल्या नळीतून.
हातमोज्यावरचा थेंब ओठाला लागला,
कडू, ओळखीचा:
आजोबांच्या हिवतापावरल्या कोयनेलचं
सख्खं भावंड, त्याच झाडाच्या सालीतलं.

मोतद्दार हेझल पेंढ्यावरच झोपलेली.

चौथ्या डोसनंतर, पावणेसहाला,
जिना संपला.
सपाट जमीन. मिनिटाला चव्वेचाळीस.

हेझलला उठवलं नाही लगेच.
अजून एक मिनिट मोजलं,
मग अजून एक,
तोवर घोडीने माझी बाही ओढली दातांनी.
भूक लागली होती तिला.