उजवीकडचा ताण

मे महिना. रात्री साडेअकरालाही
पत्र्याखाली सोलापूर तापलेलंच.
मागच्या गल्लीत येमूलांचे माग चालू,
खटाक-खट, खटाक-खट,
आणि माझ्या पडद्यावर
कार्बन, लोखंड, सोनं,
तीन अणुकेंद्रकं, तीन डोंगर,
एकाची उंची दुसऱ्याला माहीत नाही.

इलेक्ट्रॉन फेकायचा.
कुठं वळला, किती ऊर्जा गमावून निघाला,
ते मोजायचं. एवढंच.
आत काय चाललंय ते कुणी पाहिलेलं नाही.
अंधारात चादरीवरून हात फिरवून
साखर पेठेतली की जोडभावी पेठेतली
ते सांगावं, तसं.

नान्नांना ते येतं.
चाळीस वर्षं जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
अजूनही किनार चिमटीत धरून म्हणतात,
सूत दहाचं. विणलंय घाईत. सणाआधी.

मी प्रत्येक केंद्रकाला
त्याच्याच आतल्या धावपळीच्या मापानं भागलं
आणि तिन्ही डोंगर सरकत सरकत
एकावर एक येऊन बसले.
सोन्यानं सोनेपण सोडलं.
एकच रेघ!
मी उठलो, माठातलं पाणी प्यायलो,
कुणाला सांगावं ते सुचेना.

पण हे डावीकडंच.
शिखर ओलांडलं की रेघा उसवतात,
ज्याची त्याची वाट.
माझं मॉडेल साधं : प्रत्येक कण एकटा,
पेटीत कोंडलेला, शेजाऱ्याशी बोलणं नाही.
ते उजवीकडचं काय सांगणार, कपाळ!

दीड वाजता लाइट गेली.
माग थांबले, तसे नान्ना जागे झाले.
कागद मागितला.
मोबाइलच्या उजेडात, चष्म्याशिवाय,
बोटानं रेघ चाचपत गेले
आणि नेमके तिथंच थांबले.
"इथं ताण जास्त आहे.
इथं धागा एकटा तुटत नसतो रे,
शेजारच्याला घेऊन तुटतो.
तू एकेक मोजत बसलायस."

नान्ना, हे सूत नाही.
"मग काय आहे?"

मला उत्तर देता आलं असतं.
सात वर्षं तेच शिकलोय.

पाठकोऱ्या कागदावर
जोड्या लिहायला घेतल्या,
प्रोटॉनशेजारी न्यूट्रॉन, प्रोटॉनशेजारी
"पडुको," म्हणत नान्ना कुशीवर वळले.
घामानं कागद मनगटाला चिकटला होता.

लाइट आली तेव्हा
आधी येमूलांचा एकच माग सुरू झाला.
बाकीचे बराच वेळ नाही.