बाजू बदलताना

रायबंदरला, बेकरीच्या वरच्या खोलीत
आम्ही अकरा जण होतो. बारावा मालक,
तो बाटल्या मोजत होता.
भिंतींना पिठाचा वास, खालच्या भट्टीनं जमीन कोमट,
चपला काढून ऐकत होतो सगळे.

एझेकिएलच्या बासला तीनच तारा.
शांबा देवळातलं घुमट सोडून नुकता ड्रम्सवर आलेला,
हातांना अजून आरतीची घाई.
गाणं साडेनऊला सुरू झालं
आणि संपवायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं,
म्हणून संपलं नाही.

माझ्याकडे टेपरेकॉर्डर,
तेवढंच काम मला दिलेलं.
चोडणची शेवटची फेरीबोट सुटली, भोंगा वाजला,
आणि तिआगोनं, डोळे मिटलेलेच,
तो सूर गिटारवर उचलला.
त्याच क्षणी कॅसेट खट्‌ करून थांबली.

काढली, उलटली, दाबली.
बोटांना घाम. असतील दहा-बारा सेकंद.
माझी बोट गेली होती,
रात्री धक्क्यावरच झोपलो,
पहाटे पोदेराच्या सायकलीचा पोंपों
मला त्याच गाण्यातला वाटला.

आता त्यांना मैदानं पुरत नाहीत.
पोरं मला शोधत येतात, कॅसेट ऐकतात.
पहिली बाजू भोंग्यापाशी तुटते,
दुसरी सुरू होते तेव्हा सगळे हसत असतात.

का हसत होते, विचारतात.

सांगायला जातो, तोंडानं भोंगा काढतो,
सूर लागत नाही.
परवा एकाला धक्क्यावर घेऊन गेलो.
बोट नवी. भोंगा पातळ.