पळूची वाट

इनास आधी झाडाभोवती फिरला.
करवत खाली, वाळूवर अंथरलेल्या पोत्यावर.
हात मागे बांधून फिरला,
सोयरीक बघायला आलेल्या माणसासारखा,
काही न विचारता सगळं बघत.

उंडी आचऱ्याच्या खाडीकडे कललेली.
गेल्या वादळापासून अंमळ जास्तच:
मुळांपाशी जमिनीला भेग, भेगेत माझी मूठ मावायची.
खाली कृष्णाबाय तांडेलीणीची खोप,
खोपीत होडी, होडीत जाळं,
जाळ्यात मांजराची चार पिल्लं.

बाबी म्हणाला, दोर लावून उलट्या अंगाला ओढूया,
खोप वाचेल.
इनास हसला. "झाड म्हणजे तुझो झील न्हय,
कान धरून वळवूक.
जंय कललासा थंय पडांदे."

म्हणून सकाळभर आम्ही खोप उसवली.
झापं, वासे, काथ्याच्या गाठी.
होडी ओंडक्यांवरून सरकवली, पिल्लं टोपलीत.
परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून
कृष्णाबायने कमरेला खोचला,
जसं काही झाडच तो मागणार होतं.

मग मला कोयता दिला.
"पळूची वाट आधी. मगे झाड."
मागे, पण अगदी मागे नाही; तिरकी.
केवड्याच्या बनापर्यंत आठ पावलं
मी काटे तोडले, दगड उचलले, नारळाची सोडणं भिरकावली.
"आता डोळे मिटून चल," म्हणाला.
चाललो. दोनदा.

कलत्या बाजूला त्याने खाच घेतली,
कलिंगडाची फोड काढावी तशी.
तिथंच साखळी किंचाळली, ठिणगी उडाली,
आणि त्याने लगेच यंत्र बंद केलं.
लोखंड. लाकडाने गिळलेली एक कडी,
कधीकाळी कुणीतरी होडी बांधायची.
कृष्णाबाय जवळ आली, बोटाने गंज चाचपला.
"सासऱ्याची," एवढंच.
इनासने साखळीचे दात एकेक घासले,
वीतभर वर सरकला, पुन्हा खाच घेतली.

ताण पाठीत असतो, हे मला तेव्हा कळलं.
कललेलं झाड पुढे पडायला बघतं,
आणि त्याच्या पाठीची एकेक शीर
त्याला धरून असते.
मागून सरळ कापत गेलं
तर खोड मधोमध उभं फाटतं,
अर्धं पडतं, अर्धं उसळून माणसावर येतं.
पेद्रूवर आलं होतं. असाच आईन होता, मसुऱ्याला.
हे इनासने कधी सांगितलं नाही,
घरातल्या फोटोपुढची मेणबत्ती सांगते.

म्हणून तो पाठीला शिवला नाही.
पात्याचं टोक कुशीतून आत घातलं,
खालच्या अंगाने, हळू,
खाचेमागे तीन बोटं लाकूड सोडून. ती बिजागरी.
तिथून मागे मागे कापत आला
आणि पाठीशी चार बोटं शिल्लक ठेवून थांबला.
आता एवढं मोठं झाड
पोटात आरपार भोक घेऊन उभं होतं,
आणि पान हलत नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. बनाकडे बघितलं.
"पडताना बघीत रव नको.
पडलेला मगे बघूक गावता."

बाजूला उभं राहून पाठीची पट्टी कापली.
टाळी वाजल्यासारखा एक आवाज.
मग बिजागरी करकरली,
सावकाश, जुनं दार लावून घेतात तशी,
आणि मी पळालो.
पाच पावलं.
सहाव्याला वळून बघितलं.

वारा आला, वाळू आली, हिरव्या फळांचा मारा आला.
एक वाळकी फांदी, मनगटाएवढी,
माझ्या पुढ्यात येऊन रुतली,
सहाव्या पावलावर.
इनास नवव्यावर उभा होता, धापा टाकत.
ओरडला नाही. तीन बोटं दाखवली फक्त.

दुपारी सगळ्यांनी पेज घेतली, उन्हात,
कारण सावली आडवी पडली होती.
कृष्णाबाय छिन्नीने कडी काढत बसली.
बाबी म्हणाला, लाकडात एक होडी निघेल.
इनास म्हणाला, अर्धीच.

खोप अजून उभी करायची आहे.
बुंध्यापासून बनापर्यंत ती वाट तशीच आहे,
आठ पावलांची, कुठंही न जाणारी.
संध्याकाळी पिल्लं तिच्यावरून चालतात.
मी अजून मोजतो.