सोळावा दात

उद्यमनगरात साडेनऊला शटरं अर्धीच वर असतात.
रंगराव लोहार लेथच्या चकला उदबत्ती ओवाळतो,
माझ्याकडं बघतो, मग गाडीकडं,
बसक्या सीटची, लांब टांगांची, सेकंडहँड क्रूझर.
"काय झालंय हिला, ताई?"
झालं काहीच नाही.
साठच्या पुढं गेली की कण्हते,
तळव्यांना मुंग्या येतात,
आरशातला मागचा रस्ता दुधाच्या सायीसारखा थरथरतो.
पुढच्या स्प्रॉकेटला पंधरा दात आहेत.
मला सोळा पाहिजेत.

"म्हणजे अक्कलदाढच की," म्हणाला,
आणि हसला नाही.

ईएन-आठची चकती. मिलिंगवर
एक दात, एक थांबा, एक दात, एक थांबा,
दुधाळ पाणी, निळसर कीस.
रंगरावच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं,
म्हणून तो डाव्या हातावर मोजतो.
"सपाटीला गाणार ही, चढाला रडणार.
दोन्ही एकाच पगारात कुठंच मिळत नाही."
मग तापवणं, तेलात विझवणं, चेनला दोन कड्या जास्त,
मधोमध बोटानं उचलून बघितलेला एक इंचाचा झोल.
आठशे रुपये. चहा त्याचा.

लक्ष्मीपुरीत इलाही मुजावर
आधी पांढरा एलईडी दाखवतो, भिंतीवर मारतो.
भिंतीवरची पाल दिसेनाशी होते.
मी म्हणते, पिवळा द्या.
का, ते तो विचारत नाही.
रिले टाकीखाली, पंधरा अँपियरचा फ्यूज,
लाल वायर बॅटरीला, काळी चॅसीला,
बटण डाव्या अंगठ्याशी.
"समोरनं कोण आलं तर बंद करायचा.
आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करायचं नाही.
ह्याची वायर मी ओढून देऊ शकत नाही, मॅडम."

गाडी कुणाची होती ते मी दोघांनाही सांगितलं नाही.

आमच्या लॅबमधल्या धैर्यशील चौगुलेची.
मागच्या गळीत हंगामात, रात्रपाळी सुटल्यावर,
हळदीच्या अलीकडं
उसाची ट्रॉली उभी होती, टायर फुटलेली.
ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी,
मागं लोंबणारं नुसतं पाचट.
फोर्क सरळ झाला. पाय तेवढा झाला नाही.
आता तो काट्यावर बसतो, दिवसपाळीला,
ट्रॉल्यांची वजनं लिहितो.
त्याच ट्रॉल्यांची, मी म्हटलं एकदा.
"वजन करताना सगळ्याच सारख्या," म्हणाला,
आणि किल्ली टेबलावर सरकवली,
भंगाराच्या भावाला.

पहिली रात्र.
फुलेवाडी मागं पडली, वाशी आली, गेली.
सत्तरला इंजिन असं शांत
की मला माझंच हेल्मेट ऐकू येत होतं.
पिवळा उजेड रस्त्यावर लोळत पुढं,
त्यात उसाची कांडकी, एक चप्पल,
कुत्र्याचे दोन हिरवे डोळे.
हळदीच्या अलीकडं समोरून एसटी आली.
अंगठा दाबला.

आणि मग तो अंधार होता.
एसटीचा झोत अंगावरून गेल्यावरचा,
डोळे परत यायला लागतात तेवढा वेळ,
दोन सेकंद, अडीच,
धैर्यशीलचा.
मी त्यात काही बघितलं नाही.
कानात नुसती चेन,
आणि कुठूनतरी मळीचा आंबूस वास.
अंगठा सुटला. रस्ता होता.
रिकामा.

सकाळी पाळी सुटली. आठला मी काट्यासमोरून निघाले.
तिथला चढ म्हणजे चढही नव्हे, नुसता उंचवटा,
ट्रॉल्या वर यायला केलेला. तिथं गाडी रडली,
रंगराव म्हणाला होता तशीच.
क्लच धरला, पहिला टाकला, अर्धा क्लच सोडला.
धैर्यशीलनं पावतीवरनं मान वर केली नाही.
खिडकीतून एक हात बाहेर आला,
पेनासकट, थांब म्हणणारा.
इंजिन चालूच ठेव, अशी खूण.
त्यानं ऐकलं.
मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न मारला.

"सोळा?"
सोळा.
"मी चौदा बसवणार होतो," तो म्हणाला,
"आईला घेऊन जोतिबाला जायचं होतं."

आणि मागच्याला म्हणाला,
ये, पुढं घे.