अर्धा फेरा

भरीत केलं होतं. बामणोदची वांगी,
पण काड्यांवर नाही, गॅसवर भाजलेली,
म्हणजे नावालाच भरीत.
सालं, देठं सिंकमध्ये लोटली, बटण दाबलं
आणि मशीन म्हणालं, घुंऽऽ

नुसतं घुं.
दात घट्ट मिटून कुणी
कबुली गिळून टाकावी तसं.

रोहिदासभाऊजींनी हौसेनं बसवून दिलेलं.
"वहिनी, आता खरकट्याची बादलीच नको."
देवपुरातल्या अख्ख्या बिल्डिंगीत
बादली नसलेलं आमचं एकच घर.
खालच्या गायीनं
चौथ्या मजल्याकडं बघणं सोडलं म्हणे.

प्लंबर गोरख साक्रीला लग्नात.
फोनमधून आधी बँड आला, मग तो:
"घुं करतंय ना ताई? मग मोटर जिती आहे.
अडकलंय काहीतरी. प्लग काढा.
आत हात घालू नका, कितीही वाटलं तरी."

मी फिनाइलच्या बाटल्या सारून
ओट्याखाली शिरले. हे वर, बॅटरी धरून.
मशीनच्या बुडाला सहा कोनी भोक,
आणि त्याची चावी
भाऊजींनी पाइपाला रबरानं बांधून ठेवलेली.
पुढचं दिसणारी माणसं असतात काही.

अर्धा फेरा उजवीकडं. अडलं.
अर्धा डावीकडं. अडलं, पण थोडं उशिरा.
जोर लावायचा नाही.
देईल तेवढं घ्यायचं, मागं यायचं,
पुन्हा जायचं.

"काय व्हयनं?" वरून.
"काही नाही. उजेड हलवू नका."

मग आत काहीतरी करकरलं आणि सुटलं.
पापडाच्या चिमट्यानं एकेक वर काढलं:
वांग्याचे देठ, दोन.
गुरुवारच्या केळफुलाचे दोरे,
चकतीला गुंडाळलेले, लांबच लांब.
एक चिंचोका.
आणि चमचा.

मसाल्याच्या डब्यातला. हळदीचा.
इतके दिवस कुठल्या कोपऱ्यात
दबा धरून होता कोण जाणे.
मान मोडलेली,
दांड्याच्या खाचेत पिवळं तसंच.

ह्यांनी बॅटरी बंद केली.
रविवारी रात्री भांडी ह्यांनी घासली होती.
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा,
गाणं म्हणत.

सोमवारी मी शेवंताला फक्त विचारलं होतं,
"हळदीचा चमचा दिसला का गं?"
फक्त.
पण त्याआधी तिच्या पिशवीकडं पाहिलं होतं,
आणि ते तिनं पाहिलं होतं.
पदराला हात पुसत म्हणाली,
"चमचा लिसन मी काय करसू, बाई?"
मंगळवारी आली नाही. बुधवारी नाही.
तिसऱ्या मजल्यावर मी म्हणून आले,
आजकाल कुणाचा भरवसा नाही बाई.

मशीनच्या पोटाला एक लाल बटण असतं.
टक् दाबायचं, गार पाणी सोडायचं, मग चालू.
चाललं की! गुळगुळीत,
जणू कधी अडलंच नव्हतं.
हे म्हणाले, चहा टाकू?
फार हळू म्हणाले.

चमचा धुतला.
मान सरळ करायला गेले, तुटली.

संध्याकाळी मोगलाईत
रिक्षावाल्याला घर सांगता येईना मला.
सात वर्षं ती माझ्या ओट्याशी,
मी तिच्या गल्लीत आज.
तोंडात वाक्य फिरवत होते.
"अगं, सापडला तो." नाही.
"ह्यांच्याच हातून." तेही नाही.
मागं यायचं. पुन्हा जायचं.
जोर लावायचा नाही.

दार तिच्या मुलीनं उघडलं.
आत मिक्सरवर काळा मसाला फिरत होता,
मला ठसका लागला आणि
पाठ केलेलं सगळं त्यात गेलं.

मिक्सर थांबला.
"कोण शे व?"

मूठ उघडली तर दोन तुकडे,
आणि घामानं तळव्यावर
हळद उतरलेली.